घाटंजीचं लॉक झालेलं खातं

माती तपासणीचे अहवाल मुख्य ऑफिसच्या 'सोप' पद्धतीच्या वेब सर्व्हिसमधून आपोआप यावेत, म्हणून मी यवतमाळात बसून पायथनचा प्रोग्राम लिहीत होतो. पासवर्ड संदेशाच्या हेडरमध्ये, म्हणजे वरच्या भागात, घालायचा असतो, हे कळायलाच दोन दिवस गेले. तरी उत्तर तेच: प्रवेश नाही. हेडर पुन्हा लिहिलं, तयार कोडची लायब्ररी बदलली, स्वतःच्या अकलेला शिव्या घातल्या. इतकी वर्षं हेच काम करतोय आणि एक साधं लॉगिन जमेना! सहाव्या दिवशी वाटलं, हा धंदाच सोडावा.

आमच्याकडे एका खात्यावर सगळे काम करतात. वेगळ्या खात्यासाठी अर्ज कोण करत बसणार? मीही घाटंजीच्या माती तपासणी केंद्रातल्या ऑपरेटरताईंचंच खातं वापरत होतो. त्यांचा फोन आला.

"सर, कोणीतरी रोज चुकीचा पासवर्ड टाकून आपलं खातं लॉक करून राह्यलं. रोज सकाळी नवा पासवर्ड मागू मागू थकली मी. बाहेर लोकं ताटकळून राह्यले."

माझ्या प्रोग्राममध्ये पहिल्या दिवशीचाच पासवर्ड होता, आणि तो दर पाच मिनिटांनी तोच पाठवत होता.

"कोण हाये तो, शोधा ना सर. तुमाले तं यातलं सारं समजते."

"शोधतो," मी म्हणालो.