पूर्वेचा आकडा

"पुढे काय?" हे शेजारच्या काकांचे दोन शब्द आमच्या गल्लीत सगळ्यांना पाठ होते. समोरचा बोलता बोलता थांबला, की काका मान वाकडी करून उजवा कान पुढे करायचे आणि विचारायचे, "पुढे काय?" उत्तर मिळेपर्यंत जागचे हलायचे नाहीत.

वाक्य अर्धवट टाकणारी माणसं तुम्ही पुष्कळ पाहिली असतील. दुसऱ्याचं वाक्य पुरं करून घेणारा माणूस मी तरी हा एकच पाहिला.

देवासच्या आमच्या कॉलनीत ते शेजारी आले ते निवृत्त होऊनच. मूळचे धारचे, लग्न न केलेले. आजोबा संस्थानच्या चाकरीत होते, म्हणून मराठी जुन्या वळणाची. मला, शेजारच्या सुनेला, "अहो ताई" म्हणत. पण सगळी नोकरी मालवाहू जहाजांवर, अधिकारी म्हणून. कोपऱ्यावरचा पोहेवाला त्यांना विचारी, "धार में तो तालाब है भिया, आप समंदर तक कैसे पहुँचे?" ते शांतपणे म्हणत, "तैरते-तैरते."

एकदा मी फोनवर म्हणाले, "काका, येताना बाजारातून..." आणि फोन कटला. थोड्या वेळात दारात काका उभे, धापा टाकत.

"बाजारातून काय?"

"कोथिंबीर हो."

त्यांनी डोळे मिटून घेतले. केवढं तरी ओझं उतरल्यासारखे ते पायरीवर बसले. मी हसले. त्यांच्या कपाळावरचा घाम पाहिला आणि हसू थांबलं.

दूधवाल्याचंही तेच. "भिया, कल से दूध..." एवढं बोलून त्यानं मोटरसायकल काढली, तर हे स्कूटरवरून नाक्यापर्यंत त्याच्या मागे. कळलं काय, तर उद्यापासून दूध जरा लवकर येणार.

मग तो उन्हाळा आला. सूर्यावरच्या वादळानं लडाखमध्ये रात्री आकाश लाल झाल्याचे फोटो सकाळी सगळ्यांच्या मोबाइलवर फिरत होते. मी चहा घेऊन गेले तर काका ओसरीत बसलेले, मोबाइलवरच्या त्या फोटोकडे बघत.

"सुंदर आहे ना?" मी म्हटलं.

"ताई, तुमच्या फोनवर नकाशा उघडा. आपण कुठं आहोत ते बघा."

निळा ठिपका आमच्या गल्लीत होता. आम्ही दोघं बसल्या जागी बसून होतो, आणि तो ठिपका हळूहळू सरकत कॉलनीबाहेरच्या सोयाबीनच्या रिकाम्या शेतात जाऊन थांबला. माझा फोन जुना होता, त्यानंही झालं असेल. पण भर सकाळी माझ्या अंगावर काटा आला. आपण तिथं, त्या शेतात, उभे आहोत असं क्षणभर वाटलं.

चहा निवला. त्या दिवशी काका जहाजावरचं पहिल्यांदा बोलले.

नॉर्वेच्या पार उत्तरेला त्यांचं जहाज होतं. तिथं हिवाळ्यात दुपारीच काळोख होतो. सूर्यावरून वादळ सुटलं, की त्याचा मारा ध्रुवांजवळ जास्त. त्या दुपारी आकाश विहिरीतल्या शेवाळासारखं हिरवं झालं होतं, आणि ते शेवाळ हलत होतं. आवाज मात्र कसलाच नाही. होकायंत्राचा काटा स्थिर राहीना. किनाऱ्यावरच्या गावाचे दिवे एकदम गेले. तारांमध्ये नको तो प्रवाह शिरला होता, हे मागाहून कळलं.

तेवढ्यात रेडिओवर एक माणूस बोलला. मासेमारीची लहान बोट, दोघं जण, आत पाणी येतंय. बोटीचं नाव सांगितलं. मग ठिकाण सांगू लागला, अक्षांश-रेखांश.

"उत्तरेचा आकडा आला," काका म्हणाले. "पूर्वेचा आला नाही. मध्येच सगळं खरखरीत बुडालं."

"मग?"

"मग मी म्हणालो, पुन्हा सांगा. काही क्षणांनी आवाज आला, 'पुन्हा सांगा.' मला वाटलं, तोच बोलतोय. मी परत म्हणालो. तोही परत म्हणाला. ताई, तो माझाच आवाज होता. कुठूनतरी फिरून येत होता."

एकाच आकड्यावर समुद्रात रेघ निघते, जागा निघत नाही. त्या रेघेवर त्यांनी जहाज पुढे-मागे नेलं. बोट सापडली नाही.

"त्यांच्या घरी कुणी होतं?" मी विचारलं.

"असेल. आम्ही पुढच्या बंदराला गेलो."

मी निवलेले कप उचलू लागले, तेव्हा त्यांनी विचारलं, "आता तिथं जावं का हो?"

"जा," मी म्हटलं.

बोटीचं नाव त्यांना ठाऊक होतंच. तिथल्या बंदराच्या कचेरीशी बोलून त्यांनी रेडिओवर बोललेल्या त्या माणसाचं गाव आणि घर शोधून काढलं. हिवाळ्यात घराची किल्ली माझ्याकडे देऊन निघाले. स्टेशनवर गाडीत चढता चढता थांबले. "हाकलून दिलं तर?" म्हणाले.

त्या घरच्यांनी हाकललं नाही. काका परतले, वर्षभर इथे राहिले आणि मग धारला पुतण्याकडे गेले. तिथंच गेल्या श्रावणात झोपेत गेले. आता शेजारच्या घरात कारखान्यातलं एक कुटुंब राहतं. चांगली माणसं आहेत.

माझ्या डोळ्यांसमोर मात्र काका येतात ते त्या गावाहून व्हिडिओ कॉल केला तेव्हा दिसले तसे. इथे दिवेलागण झाली होती, तिथे दुपारचाच काळोख. एका म्हाताऱ्या बाईंच्या स्वयंपाकघरात काका बटाटे सोलत बसले होते.

"ताई, नवरा परत येणार नाही हे ह्यांना केव्हाच कळलं होतं," ते म्हणाले. "तो शेवटी कसा बोलत होता, ते ठाऊक नव्हतं. मी सांगितलं. अगदी शांत बोलत होता. घाबरला नव्हता. ह्यांनी ते माझ्याकडून तीनदा वदवून घेतलं."

त्यांच्या मागच्या खिडकीत हिरवा उजेड सरकत होता.

"काका, मागे..."

"ठाऊक आहे," ते म्हणाले, आणि सोलतच राहिले.

बाई उठल्या. त्यांनी बाहेर पाहिलं नाही. खिडकीचा पडदा ओढला, आणि काकांच्या पुढ्यात आणखी दोन बटाटे ठेवले.