आईकडची नावं

दुखणं लाजेचं असलं की माणूस देवाला आधी सांगतो, डॉक्टरला नंतर. मीही तेच केलं. लघवीचा त्रास वाढला तेव्हा कुठे बसवनगुडीतल्या डॉक्टरांकडे गेलो. पीएसए ही प्रोस्टेटची रक्ततपासणी जेमतेम मर्यादेत आली. "घरात कुणाला कॅन्सर?" त्यांनी विचारलं. मी छातीठोकपणे नाही म्हणालो. वडील, आजोबा, काका, सगळे पिकल्या वयात गेलेले. डॉक्टर म्हणाले, मग घाई नाही, पुढच्या वर्षी बघू. तरी मनातली धाकधूक जाईना.

पितृपक्षात चामराजपेटेतल्या मठात तर्पणाला बसलो. आमचे गुरुजी वडिलांकडच्या पिढ्या भराभर उरकून मोकळं करतात. त्या दिवशी ते आजारी होते, त्यांच्या जागी एक अनोळखी वृद्ध होते. मी उठू लागलो तसे म्हणाले, "स्वल्प थांबा अण्णा, आईकडचे राहिले की. मामा, मावशी कुणी गेलेत?"

मामा मला नव्हताच. आई हृदयविकाराने गेलेली. मग मोठ्या मावशीचं नाव घेतलं. ती स्तनाच्या कॅन्सरने गेली, तरुणपणीच. धाकटीही त्यानेच गेली. बायकांचा आजार, त्यातून आईच्या माहेरचा. तो आपल्या घरात धरायचा हे मला कधी सुचलंच नव्हतं. माझा हात तसाच राहिला.

"पाणी सोडा, अण्णा," ते हळूच म्हणाले.

डॉक्टरांना जाऊन सांगितलं. त्यांनी लगेच जनुकांची तपासणी करायला लावली. मावश्यांना भोवला असावा तोच दोष माझ्यातही निघाला. पुरुषांत तो प्रोस्टेटला धरतो. मग वर्षभर न थांबता स्कॅन झालं, तुकडा काढून तपासला, आणि कॅन्सरची एक बारीक गाठ सापडली. ती वेळेत निघाली. मी बरा आहे.

त्या वृद्धांची पुढे चौकशी केली. आनेकल गावचे, आमच्या गुरुजींच्या बदली आलेले. चमत्कार वगैरे काही नाही. तरी त्या दिवशी त्यांनाच तिथे कुणी बसवलं, हा विचार मनात येतो आणि डोळे भरतात.

हा दोष माझ्या मुलीकडेही गेलेला असू शकतो. तिला सगळं सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "सरी अप्पा, ठीक आहे. माझंही रक्त देऊन येऊ."

रिपोर्ट अजून यायचा आहे. करायचं ते केलं, पुढचं देवाच्या पायाशी ठेवलं. माझा स्वतःचा जीव एकदाच ठेवला होता, तो तिथेच राहिला. मुलीचा रोज सकाळी ठेवतो आणि दुपारपर्यंत उचलून परत घरी आणतो.