इर्मामावशीने मैदान सोडलं

माझी मावशी इर्मा हराबिक एका शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होती. उन्हाळाभर दर रविवारी ती नवऱ्याबरोबर, म्हणजे स्टेफनकाकाबरोबर, डनलेव्ही मैदानावर बेसबॉल बघायला जायची. माझ्या लग्नाआधी दोन वर्षं मीही त्यांच्यासोबत जात होते.

त्या मैदानाची आठवण निघाली की आमच्या गावातली म्हातारी माणसं अजून डोळे पुसतात. मला मात्र आधी तिथला वास आठवतो. लाकडी बाकांत मुरलेली बिअर, खांबांच्या आडोशाला पुरुषांनी केलेली घाण, बाकांखाली थुंकलेल्या तंबाखूचा चिकटा. बायकांसाठी एकच संडास, तोही कायम तुंबलेला. म्हणून मावशी सकाळपासून पाणी प्यायची नाही. बाकावर वर्तमानपत्र अंथरून बसायची आणि मांडीवरच्या वहीत एकेक चेंडू टिपायची. खेळ सुरू झाला की तिला घाण दिसायचीच नाही.

१९५६च्या ऑगस्टमध्ये आमच्या संघात लेम्युएल ग्रीअर नावाचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, आला. संघातला पहिलाच काळा खेळाडू. त्या रविवारी त्याचा नेम लागत नव्हता. चेंडू भलतीकडे जात होते आणि समोरचे फलंदाज एकामागोमाग एक चेंडू न मारताच फुकटात पहिल्या ठाण्यावर, म्हणजे बेसवर, जाऊन उभे राहत होते. लोकांनी आधी आरडाओरडा केला, मग त्याच्या आईचा उद्धार केला. मग कोंबडीची हाडं भिरकावली. आणि मग आमच्याच रांगेतल्या कुणीतरी बाकाखालचा मेलेला उंदीर शेपटीला धरून फेकला. तो बरोबर ग्रीअरच्या पायाशी पडला.

स्टेफनकाका ठसका लागेपर्यंत हसला.

ग्रीअर खाली वाकला. त्याने उंदीर उचलला, चालत जाऊन कडेच्या बादलीत टाकला, पँटला हात पुसला आणि परत येऊन पुढचे तीन फलंदाज बाद केले. मग तेच लोक उभे राहून टाळ्या वाजवायला लागले. काकाही उठला. ज्यांनी हाडं फेकली होती, ते तेलकट हातांनीच टाळ्या पिटत होते.

मावशीने वही मिटली. "काय झालं?" काकाने विचारलं.

"तुझ्या शेजारी बसवत नाही मला," ती म्हणाली आणि उठून चालू लागली. मी तिच्या मागे गेले.

पण ती घरी गेली नाही. खेळाडू ज्या दाराने बाहेर पडत, तिथे उन्हात दीड तास उभी राहिली. ग्रीअर आला तेव्हा तिने त्याला आपलं नाव सांगितलं आणि झाल्या प्रकाराची माफी मागितली.

त्याने शांतपणे विचारलं, "तुम्ही कुठे बसला होता, बाई?"

"तिसऱ्या ठाण्याच्या मागे. सहावी रांग."

"उंदीर तिकडूनच आला. कुणी फेकला, पाहिलंत?"

मावशीने पाहिलं होतं. मीही पाहिलं होतं. आमच्याच गल्लीतला खाटीक होता तो.

"पाहिलं," ती म्हणाली.

"मग त्याला काय म्हणालात?"

उत्तराची वाट न बघता तो टोपीला हात लावून निघून गेला. घरी आल्यावर मोरीत जाऊन तिने कोपरापर्यंत हात घासले, लाल होईपर्यंत.

दुसऱ्या दिवशी ती त्या खाटकाच्या दुकानात गेली आणि सगळ्या गिऱ्हाइकांसमोर त्याला उंदराबद्दल विचारलं. तो हसून म्हणाला, गंमत केली. गिऱ्हाइकंही हसली. हसणाऱ्यांतल्या दोघी तर तिच्या चर्चमधल्या मैत्रिणी होत्या. त्यानंतर मावशी मटणासाठी बस पकडून लांब जाऊ लागली आणि त्या दोघींशी तिने बोलणं टाकलं. मैदानाची पायरी ती पुन्हा चढली नाही. ग्रीअरला पुढच्या वर्षी संघाने काढलं. तो कुठे गेला ते कळलं नाही.

काही वर्षांनी मैदानातले बाक नि खांब पाडले, त्या दिवशी काका रडत घरी आला. मावशीने त्याला जेवायला वाढलं आणि आपलं ताट घेऊन दुसऱ्या खोलीत जाऊन बसली.