आईची अंघोळ

ख्रिस्ती मठाच्या वृद्धाश्रमात, बायकांच्या वॉर्डात सिस्टर बाह्या दुमडून शिरली, की कण्हणाऱ्या म्हाताऱ्याही जरा सावरून बसायच्या. कुणाला न दुखवता कुशीवर वळवावं आणि पाठ पुसावी तर तिनेच. ‘हिच्या हाताला डोळे आहेत,’ असं बाकीच्या सिस्टर म्हणायच्या.

एके दिवशी दुपारी भेटीच्या वेळेत तिचा दादा आला. बाकावर अंग चोरून बसला.

“आईला उठता येत नाही गं आता. सगळं अंथरुणातच.”

“आणि वहिनी?”

“तिची कंबर गेलीय. परवा म्हणाली, जगाच्या म्हाताऱ्या धुवायला तुमच्या बहिणीला वेळ आहे, पण...” दादाने वाक्य गिळलं. उरलेलं तिला न बोलताच ऐकू आलं. “इथे ठेवता येईल का आईला?”

आश्रम होता ज्यांचं कुणीच नाही त्यांच्यासाठी. ‘तुम्ही आहात ना?’ असं म्हणून तिने स्वतः कितीतरी मुलांना फाटकावरून परत धाडलं होतं. ती नुसतीच म्हणाली, “विचारते.”

पण विचारायला जीभ उचलेना. घरदार सोडून आपण आपल्या मर्जीने आलो, आता कुठल्या तोंडाने घरचं गाऱ्हाणं गायचं? चॅपलमध्ये तोंडपाठ प्रार्थना अर्ध्यावर तुटायची. बदललेली चादर ती पुन्हा बदलायची. एका आजीने पाणी मागितलं तर “किती वेळा गं!” असं वसकन ओरडली. आजीने चादर डोक्यावरून घेतली. सिस्टरला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

संध्याकाळी मदर आणि ती चादरींच्या घड्या घालत होत्या. मदर म्हणजे या घरातली सगळ्यात वडीलधारी.

“सिस्टर, तुमचं टोक सारखं घसरतंय. काय झालंय?”

तेव्हा कुठे बांध फुटला. मदरने सगळं ऐकून घेतलं.

“इथे नाही घेता येणार. उद्या फाटकावर मी कुठल्या तोंडाने नाही म्हणू? पण तुम्ही जा. महिनाभर जा. वॉर्ड आम्ही बघू.”

जेवताना ही बातमी फुटली. वयाने मोठी एक सिस्टर ताटातून मान वर न करता म्हणाली, “माझी आई गेली तेव्हा मला दोन दिवस मिळाले होते.” सकाळी मात्र वॉर्डाच्या किल्ल्या मागायला तीच दारात उभी राहिली.

घरी आई मागच्या खोलीत होती. लेकीचा पांढरा झगा दिसताच तिने हात जोडले.

“सिस्टर, तुम्ही कशाला आलात?”

“अगं आई, मी आहे.”

“माहीत आहे. देवाच्या माणसाकडून घाण काढून घेऊ? नरकात जाईन मी. सुनेला बोलवा.”

वहिनी कमरेवर हात दाबत आली. “काय नखरे चाललेत? वळा बघू!” म्हातारी खुदकन हसून वळली. सिस्टर पाण्याचा टब धरून भिंतीपाशी उभी. इतकी वर्षं परक्यांचं केलं, आणि स्वतःच्या आईच्या पाठीला हात लावायची सोय नाही! तिची नजर वहिनीच्या हातांवरून हलेना. तो मत्सर होता, हे कळायला तिला वेळ लागला नाही.

वहिनी भांडी घासायला बसली तेव्हा सिस्टरने तिच्या हातातलं पातेलं काढून घेतलं.

“वहिनी, माहेरी कधी गेला होतात?”

वहिनी आठवत राहिली. आठवेना. मग तिचे डोळेच भरले.

“जा. कंबर सरळ होईपर्यंत येऊ नका.”

“आणि त्या? घर डोक्यावर घेतील!”

“घेऊ देत.”

आणि आईने घेतलंच. सून गेली त्या दिवशी ती जेवली नाही, कुणाला जवळ येऊ देईना. दुसऱ्या दिवशी खोलीत वास सुटला. सिस्टरने डोक्याचं वस्त्र काढून ठेवलं, वहिनीचा जुना गाऊन चढवला.

“पाप लागेल,” आई रडायला लागली.

“माझ्या नावावर लिही म्हणावं देवाला. हात दे इकडे.”

आईने हात दिला, पण डोळे गच्च मिटून. पुढे रोज तसंच. सिस्टर वॉर्डातल्या गमती सांगायची. आई ‘हूं’सुद्धा म्हणायची नाही.

वहिनी परतली ती ताठ चालत. आईचा चेहरा उजळला. “आलीस बाई! ही फार घासते गं!” सगळे हसले. सिस्टरही हसली, आणि डोळे पुसायला परसात गेली.

मदरने मग दर महिन्याला तिला दोन दिवस सोडायचं कबूल केलं. ती आली की वहिनी माहेरची वाट धरायची. एकदा तर पिशवी आधीच भरून दारात उभी होती.

पुढच्या वर्षी आई गेली, सुनेच्या मांडीवर डोकं ठेवून. दादाचा फोन आला तेव्हा सिस्टर एका आजीला अंघोळ घालत होती. आजी अर्धी ओली. तिने ती अंघोळ पुरी केली, अंग कोरडं केलं, आणि मगच निघाली.

घरी वहिनी हुंदके देत बाजूला सरली. “आता तुम्हीच घाला अंघोळ. हक्क तुमचा.”

सिस्टरने कपडा पाण्यात बुडवून पिळला आणि वहिनीच्या हातात दिला. स्वतः तांब्या उचलला.

“तुम्ही पुसा. मी पाणी घालते.”