कोरड्या नदीतली मोटार

परवा दारात पेट्रोलचा वास आला आणि लग्नानंतरचा उन्हाळा आठवला. महाराष्ट्र नुकताच झाला होता. माझे यजमान जुन्या मोटारीतून बाजारोबाजारी भांडी विकायचे. त्या खेपेला मीही सोबत होते. मागे भांड्यांमध्येच आमचा स्टोव्ह आणि अंथरूण. संग्रामपूरच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी, कोरड्या नदीच्या वाळूत चाकं रुतली. भर दुपार, माणूस दिसेना, पिण्याचं पाणी घोटभर उरलेलं. ह्यांनी चाकांखाली पोती घातली आणि मला स्टेअरिंगवर बसवलं. "मले सायकलबी येत नाही," मी म्हणाले. "मी ढकलतो. हा पाय हळू सोड, तो दाब." मी तसं केलं, आणि मोटार भांडी खणखणवत काठावर चढून पळतच सुटली. "थांब, अवं थांब!" हे मागून धावत ओरडले. "थांबवू कशी, थे तं सांगतलंच नाही तुमी!" शेवटी बोरीच्या झुडपात शिरून ती बंद पडली. आता रागावतील म्हणून मी डोळे मिटले. हे धापा टाकत आले, शेजारी बसले आणि म्हणाले, "चाल, गावापर्यंत तूच ने." मी नेली. सासरी ही गोष्ट आम्ही कळू दिली नाही. आज पहिल्यांदाच सांगतेय, आणि हे शेजारी बसून खुदुखुदू हसताहेत.