सतरा किलो जमिनीवर

शारजात, अल नहदाला राहणाऱ्या आमच्यासारख्यांच्या घरात एक वेळ देवघर नसेल, पण स्प्रिंगचा वजनकाटा असायचाच. भारतात जायच्या आधी आठवडाभर तो स्वयंपाकघराच्या दाराला टांगलेला असे, त्याला बॅगा लटकत असत आणि घरातलं कोणीतरी वाकून आकडा वाचत असे. बॅगेत वीस किलो, उरलेलं अंगावर. एकावर एक तीन शर्ट, कोटाच्या खिशात बदाम, टॉर्च, सेंटच्या बाटल्या. अंगावरचं वजन काउंटरवर कोणी मोजत नाही, एवढं ज्ञान आम्हाला होतं. या कलेत माझा हात धरणारं आमच्या बिल्डिंगमध्ये कोणी नव्हतं. त्याचा मला गर्वच होता म्हणा ना.

नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हा सासरे व्हिजिट व्हिसावर आमच्याकडे आले. बत्तीस वर्षं त्यांनी शाळेत भूगोल शिकवला होता आणि निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती. विमानात ते पहिल्यांदाच बसले, तेही रात्रीचं विमान आणि मधली सीट. काय काय दिसलं, असं मी विचारलं तर म्हणाले, पुढच्या माणसाचं टक्कल. आम्ही त्यांना मॉल दाखवले, खाडीतून अब्रानं, म्हणजे तिथल्या लाकडी होडीनं फिरवलं. त्यांनी सगळं मन लावून पाहिलं, पण मागितली एकच गोष्ट. त्यांना बारखाण बघायचं होतं.

बारखाण म्हणजे वाऱ्यानं रचलेली, चंद्रकोरीच्या आकाराची वाळूची टेकडी. दर वर्षी ते ती फळ्यावर काढत. शाळेच्या भूगोलाच्या खोलीत तर भिंतीवर ऑइलपेंटनं त्यांनी मोठं चित्रच रंगवलं होतं, वारा दाखवणाऱ्या लाल बाणासकट. प्रत्यक्षात त्यांनी वाळू पाहिली होती ती फक्त नदीची. आम्ही त्यांना रस्त्याकडेच्या टेकड्यांवर नेलं. तिथे गाड्यांची जत्रा होती. त्यांनी चपला काढून पाय रोवून बघितलं आणि आमचं मन न मोडता म्हणाले, छान आहे, पण खालून आकार कळत नाही. आकार वरून कळतो.

हे नवऱ्यानं साइटवर जेवताना कोणाला तरी सांगितलं. ते ऐकलं त्यांच्या कन्सल्टंट साहेबानं. तिकडे सुट्टी शुक्रवारी, म्हणून हा इंग्रज माणूस गुरुवारी काम संपलं की उम्म अल कुवैनच्या धावपट्टीवर जायचा. तिथे त्याचं चार सीटचं छोटं विमान होतं. ते घेऊन तो आत वाळवंटात, एका ओळखीच्या फार्मवाल्यानं केलेल्या खडीच्या पट्टीवर उतरायचा, विमानाशेजारी झोपायचा आणि शुक्रवारी सकाळी परत यायचा. वडिलांना घेऊन ये, तुम्ही तिघं या, असं तो म्हणाला. बाबांचा व्हिसा सोमवारी संपत होता. म्हणजे मिळून एकच गुरुवार हातात होता.

साहेबानं एक कागद पाठवला. तिघांची वजनं लिहून द्या, कपड्या-बुटांसकट. सामान सगळं मिळून वीस किलो, पाणीही त्यातच. तंबू आपापला आणा. तंबू विमानाला बांधायचा नाही, कारण विमानच दोरांनी जमिनीला बांधावं लागतं. पंखांत पेट्रोल असतं, म्हणून जवळ चूल पेटवायची नाही. वीस किलो हा आकडा वाचून मी निर्धास्त झाले. हा खेळ माझाच होता.

तंबू घ्यायला आम्ही शारजातल्याच रोला बाजाराजवळच्या एका दुकानात गेलो. दुकानदार रत्नागिरीकडचे, पांढऱ्या दाढीचे चाचा. आमचं मराठी ऐकून त्यांनी आधी चहा मागवला आणि मग विचारलं की तंबू किती माणसांना हवा. विमानाचं नाव काढताच त्यांनी वरच्या फळीवरून एक लाल पिशवी काढून माझ्या तळहातावर ठेवली. आत तंबू आहे हे मला खरंच वाटेना. घडीची छत्री याहून जड असते.

"ताई, विमानवाले साहेबलोक हाच नेतात," चाचा म्हणाले. "वाळूत खिळा टिकत नाही. पिशव्यांत वाळू भरायची, कोपऱ्यात ठेवायची. खलास."

नवऱ्यानं किंमत ऐकली, दिरहमचे रुपये करून मोठ्यानं म्हटले आणि पिशवी परत फळीवर गेली. खरं तर पैशांपेक्षा आम्हा दोघांना तो हलकेपणाच पटला नाही. दणकट ते खरं, अशी आमची समजूत. आम्ही चारजणांचा हिरवा तंबू घेतला. जाड कापड, लोखंडी खांबांचे तुकडे, सोळा लोखंडी खिळे आणि ते ठोकायला एक हातोडीसुद्धा. चाचांनी बांधून दिला, पण बांधताना मान हलवत होते. ती मान मला दिसली होती, तरी मी दुर्लक्ष केलं.

गुरुवारी सकाळी काटा दाराला टांगला. पाणी, पांघरुणं आणि तंबूचं नुसतं कापड यातच वीस किलो झाले. मग मी कामाला लागले. खिळे आणि हातोडी माझ्या कोटात. खांबांचे तुकडे नवऱ्याच्या जाकिटाच्या आतल्या खिशांत. लाडवांचा डबा आणि भरलेला थर्मास बाबांच्या ओव्हरकोटात. कागदावर वजनं मात्र साध्या कपड्यांतली लिहिली. बाबांनी विचारलं, हे चालतं का? मी म्हटलं, बाबा, इथे सगळे असंच करतात. शाळेत पेन्सिलीच्या टोकाचाही हिशोब ठेवणारा तो माणूस माझ्यावर विश्वास ठेवून खिसे सांभाळत गाडीत बसला.

हँगरमध्ये साहेब हसून भेटला. विमान पाहिलं. एवढंसं. दार आमच्या गावाकडच्या मारुतीच्या दारासारखं हलकं. आणि त्याच्या शेजारी जमिनीवर, धान्याच्या वखारीत असतो तसला, वर उभं राहायचा काटा. साहेबानं अदबीनं हात दाखवला, मॅडम, प्लीज.

कागदापेक्षा मी सात किलो जास्त भरले. बाबा पाच. नवरा पाच. साहेबानं पेन्सिलनं बेरीज केली, खालच्या आकड्याभोवती गोल काढला आणि आमच्याकडे पाहिलं. रागावला असता तर बरं झालं असतं. तिकडची पट्टी आखूड आहे, एवढंच त्यानं शांतपणे सांगितलं. सतरा किलो जमिनीवर राहतील, कोणते ते तुम्ही ठरवा.

आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो तोवर बाबा काट्यावरून खाली उतरले होते.

"मी थांबतो इथे," ते म्हणाले. "तुम्ही जाऊन या. मला उडताना दिसेल की."

त्यांना वाटलं होतं, जास्त झालंय ते त्यांचंच वजन. मला इतकी शरम आयुष्यात कधी वाटली नव्हती. मी तिथेच, साहेबाच्या देखत, खिसे रिकामे करायला लागले. सोळा खिळे टेबलावर खणखणत पडले. हातोडी पडली. नवऱ्यानं जाकिटातून लोखंडाचे तुकडे काढले. बाबांचा ओव्हरकोट मी स्वतः उतरवला आणि डब्यासकट टेबलावर ठेवला. खांब नाहीत तर कापड कशाला, म्हणून तंबूही काढला. माझा सगळा हुन्नर तिथे त्या टेबलावर मांडला होता. साहेबानं सगळं बघितलं, एक लाडू उचलून खाल्ला आणि म्हणाला, यल्ला, म्हणजे चला.

बाबांना त्यानं पुढे, आपल्या शेजारी बसवलं.

त्यानंतरचं मला नीट सांगता येईल असं वाटत नाही. जमीन सुटली तेव्हा हिसका वगैरे काही बसला नाही, चाकांची खडखड तेवढी थांबली. खाली खाडी आली, हिरवं उथळ पाणी आणि त्यात आणखी गडद हिरवी तिवरांची बेटं. मग रस्ता, त्यावरून सरकणारे ट्रक, उंटांचं कुंपण. मग माणसाची शेवटची खूण संपली आणि वाळू सुरू झाली. आधी पांढुरकी, मग तांबूस. दहा वर्षं मी त्या वाळूच्या काठावर राहत होते, गॅलरीत रोज ती झाडून काढत होते, आणि ती एवढी आहे हे मला माहीतच नव्हतं. मी नवऱ्याचा हात घट्ट धरला.

साहेबानं एक पंख खाली झुकवला. खाली चंद्रकोरी होत्या. एक नाही, दोन नाहीत, नजर जाईल तिथवर. सगळ्यांची टोकं एकाच दिशेला, सगळ्यांच्या पोटात सावली, कडा अशी की कोणी आत्ताच बोटानं ओढली असावी. फळ्यावरची आकृती इतकी तंतोतंत खरी असते? मी पुढे वाकून बाबांकडे पाहिलं. त्यांचं बोट काचेवर फिरत होतं. एक कोर काढून झाली की दुसरी. ते रडत होते आणि ते त्यांना कळतही नव्हतं.

पट्टीवर उतरलो तेव्हा उन्हं कलली होती. साहेबानं विमान दोरांनी बांधलं आणि आपल्या सामानातून एक लाल पिशवी काढली. चाचांनी माझ्या तळहातावर ठेवली होती अगदी तसलीच. हा तुम्ही दोघं घ्या, मी पंखाखाली झोपतो, असं तो म्हणाला. मीही पंखाखालीच, बाबांनी जाहीर केलं. आम्ही मुकाट्यानं पिशव्यांत वाळू भरून कोपऱ्यात ठेवल्या. तंबू हलला नाही.

बाबा मात्र थांबले नव्हते. ते जवळच्या कोरीच्या मागच्या उतारावरून वर निघाले होते. मी धापा टाकत मागे गेले. वारा आमच्या पाठीवर होता. माथ्यावर ते उभे होते आणि त्यांच्या पायांजवळून वाळूची बारीक धूळ पुढे उडून खालच्या कड्यावर सांडत होती. कोरीची दोन्ही टोकं आमच्या पुढे, वारा जात होता त्याच दिशेला पसरली होती. ते खूप वेळ बघत होते. मी पुन्हा काहीतरी चुकवलं की काय, असं मला वाटलं.

"पोरी," ते म्हणाले, "बत्तीस वर्षं मी बाण उलटा काढला."

भिंतीवर त्यांनी वारा टोकांच्या बाजूनं येताना दाखवला होता. तो येतो पाठीमागून. टोकं वाऱ्यासोबत पुढे धावतात. मी कसनुशी होऊन काही बोलणार, तर त्यांचा चेहरा उजळला होता. परीक्षेत पैकीच्या पैकी मिळालेल्या मुलासारखे ते हसत होते. सोळा खिळ्यांपायी मी हे हसू हँगरमध्ये सोडून आले असते. अंधार पडेपर्यंत आम्ही तिथे बसलो. खाली विमान तंबूएवढंच दिसत होतं.

सोमवारी त्यांची बॅग मी काट्याला लावली. दीड किलो जास्त भरली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे, आणि मी खजुराचा एक डबा गुपचूप बाहेर काढला.

तीन आठवड्यांनी पत्र आलं. प्रवास, तब्येत, शेजारपाजार, आणि सगळ्यात शेवटी चार ओळी: "शाळेत जाऊन बाण फिरवला. शिडीवर चढू देत नव्हते, चढलो. हेडमास्तर म्हणाले, इतकी वर्षं बरोबर होता, आता चुकीचा कशावरून? म्हटलं, मी तिथे उभा होतो. वारा माझ्या पाठीवर होता."