तहसीलदाराची चिठ्ठी

राजापेठेतल्या अभ्यासिकेत मला जी जागा मिळाली, तिथे समोरच्या फळीवर आधीच एक चिठ्ठी चिकटवलेली होती. लाल स्केचपेननं ठळक लिहिलेलं, 'तहसीलदार'. आमच्याकडे ही पद्धतच होती. जे व्हायचं ते डोळ्यांसमोर लावून अभ्यासाला बसायचं. माझ्या डावीकडे फौजदार बसायची, उजवीकडे राज्यकर निरीक्षक.

अभ्यासिकेच्या काकांनी पहिल्याच दिवशी मला एक कोरा कागद दिला. "ते जुनं काढ, तुयं लाव." मी तो वहीत ठेवला. वनस्पतिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले होते, आणि ते तरी का घेतलं हे मला धड सांगता येत नव्हतं. दोन-चार दिवसांत काय ते ठरवू म्हणता म्हणता सात महिने गेले. तोवर चहाच्या टपरीवर मुली मला तहसीलदारबाई म्हणू लागल्या. खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं. मी पार हरभऱ्याच्या झाडावर चढले. आईनं तर तिकडे अकोल्यात अर्ध्या नातेवाइकांना सांगूनही टाकलं.

अशात अकोल्याच्या एका कॉलेजात एम.एस्सी.ला माझा नंबर लागला. सोमवारी प्रवेश पक्का करायचा, नाहीतर जागा पुढच्याला जाणार. तो घेतला तर अभ्यासिका सोडून घरी परतावं लागणार होतं. बाबा एसटीच्या वर्कशॉपात मेकॅनिक. फोनवर त्यांचा एकच प्रश्न असायचा, "ठरलं काय तुयं?"

"ठरवून राहिली ना बाबा," मी म्हणायचे.

शनिवारी दुपारी माझ्या जागेवर आधी बसणारा दादा विसरलेली पुस्तकं न्यायला आला. आता तो अंजनगावला बी-बियाण्यांचं दुकान चालवत होता. मी जरा अवघडूनच म्हटलं, "दादा, तुमची चिठ्ठी मी काढली नाही."

त्यानं वाकून पाहिलं. "मायी नाही ते. मी आलो तवाच होती. मले वाटलं, राहू द्या." आणि पुस्तकं बगलेत मारून तो निघून गेला.

मला त्याचा भयंकर राग आला. त्याची काय चूक होती, ते मला आजही सांगता येणार नाही. सात महिने मी कोणाचं तरी स्वप्न मनावर घेऊन बसले होते, आणि ते कोणाचं हेही कोणाला ठाऊक नव्हतं. त्याच तिरमिरीत मी बाबांना फोन केला आणि सोमवारी येते म्हणून सांगितलं. एम.एस्सी. तरी मला हवी होती का? तो विचार मी केलाच नाही.

सोमवारी बाबांनी रजा टाकली. ते गेटबाहेर गाडी लावून थांबले आणि मी आत रांगेत उभी राहिले. फॉर्ममध्ये सगळ्यात खाली एक रकाना होता, 'भविष्यातील उद्दिष्ट'. हातानं सवयीनं लिहिलं, 'तहसीलदार'.

खिडकीतल्या बाईंनी ते वाचलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "मंग इथं कायले आल्या तुमी?"

त्या टोमणा मारत नव्हत्या, खरंच विचारत होत्या. मागे रांग खोळंबली होती. मी तो शब्द खोडला.

"रिकामं चालत नाही," त्या म्हणाल्या.

मग मी लिहिलं, 'ठरलेलं नाही'. त्यांनी वाचलं, शिक्का मारला आणि पुढच्या मुलाला हाक दिली.

बाहेर आले तर बाबा गाडी पुसत होते. "ठरलं काय?"

"ॲडमिशन झाली."

"ते नाही विचारून राहिलो मी," बाबा म्हणाले आणि त्यांनी किक मारली.

मी मागे बसले. गाडी रस्त्याला लागली तसं मला रडू यायला लागलं. प्रवेश झाला म्हणून की ठरलं नाही म्हणून, तेही ठरेना.